चुकून स्वस्तात मिळालेलं विमानाचं तिकीट कंपनीने रद्द केलं. दाद कुठे मागायची?

होटगी रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगी म्युनिकला एमएस करते. नोव्हेंबरात तिचा पदवीदान समारंभ. जाणार आम्ही चौघं: मी, बायको, धाकटा आणि आई. आईचं वय ७१, विमान आजवर फक्त गच्चीवरून पाहिलेलं. आपल्याला सोलापूरहून परदेशी जायला मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचं पडतं, म्हणून रोज रात्री जेवणं उरकली की हैदराबाद–म्युनिक जाऊन-येऊन भाडं बघत बसायचो. ६० ते ६५ हजार माणशी. एका रात्री साडेअकराच्या सुमारास तेच तिकीट ७,९१२ रुपये दिसलं. पान बंद करून परत उघडलं, तरी ७,९१२. चौघांचे ३१,६४८ भरले. दोन मिनिटांत पीएनआर आला, प्रत्येकाच्या नावापुढे तेरा आकडी तिकीट नंबर आला, कार्डावरून पैसे गेले.

मग १९ दिवस काही नाही. त्या काळात पुण्याला जाऊन व्हिसाचे अर्ज दिले. फी माणशी ९० युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क, प्रवास विमा, गाडीभाडं, सगळं मिळून ५२,४०० रुपये. म्हणजे तिकिटांपेक्षा व्हिसा महाग. आईने तीन किलो शेंगा चटणी कुटून डबे भरून ठेवले.

विसाव्या दिवशी मेल: तांत्रिक त्रुटीमुळे चुकीचं भाडं दिसलं होतं, आरक्षण रद्द केलं आहे, पूर्ण रक्कम परत मिळेल. खाली ना सही, ना फोन. पैसे सहा दिवसांत आले, तेवढं खरं. हेल्पलाइनवरची मुलगी एकच वाक्य म्हणते, "सर, रिफंड तो मिल गया ना?"

कंपनीला असं करता येतं का? तिकीट परत मिळवता येईल? ते नाही तर निदान व्हिसाचे पैसे? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.


गड्ड्यातला पाळणा

पहिला! शेंगदाणे घेऊन बसलोय.


सात रस्ता

साडेसात-आठ हजारांत म्युनिक? दिवाळीत पुण्याहून सोलापूरला यायला खासगी बसवाला किती घेतो ते आठवा जरा. रिफंड मिळाला, विषय संपला. राग मानू नका, पण तुम्हालाही कळलंच असणार की.


का बे

लई भारी! सात हजारात जर्मनी आणि तुमी आम्हाला सांगितलं नाही? हे काय बरं केलं नाही बे.


नवी पेठ तिकीटघर

तिकिटाच्या धंद्यात २२ वर्षं आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. धागाकर्ते, तिकिटाच्या पीडीएफमध्ये खाली भाड्याची फोड असते ती बघा. बेसिक किती, आणि कराच्या रांगेत 'वायक्यू' किंवा 'वायआर' असा काही कोड आहे का?


होटगी रोड

बघितलं. बेसिक १,१५०. बाकी ६,७६२ करांचे, त्यात चार-पाच कोड आहेत पण वायक्यू नाही, वायआरही नाही.


नवी पेठ तिकीटघर

वाटलंच. वायक्यू-वायआर म्हणजे इंधनाच्या नावाखाली कंपनी स्वतः लावते तो अधिभार. नाव कराच्या रांगेत, पैसा कंपनीच्या खिशात. लांबच्या प्रवासात पुष्कळदा बेसिकपेक्षा तोच मोठा असतो. तुमच्या तिकिटात तो गळालाय आणि बेसिकमध्येही बहुधा एखादा आकडा पडलाय. तुम्ही भरलेत ते जवळजवळ नुसते विमानतळांचे आणि सरकारांचे कर.

हे होतं कसं? कंपन्या आपली भाडी एटीपीको नावाच्या सामाईक यंत्रणेत भरतात, तिथून ती जगभरच्या आरक्षण प्रणालींत आणि साइटवर जातात. भरणारा माणूसच. एक शून्य राहिलं, चलन चुकलं, अधिभाराची ओळ सुटली, की ती चूक तासाभरात सगळीकडे. २००६ मध्ये अलितालियाचं टोरांटो–सायप्रस बिझनेस क्लासचं तिकीट ३,९०० डॉलरऐवजी ३९ ला लागलं होतं.

आता गंमत ऐका. हीच चूक मी माझ्या दुकानात केली आणि भाडं कमी लावून तिकीट काढलं, तर कंपनी मला 'एडीएम' पाठवते, म्हणजे फरक माझ्याकडून वसूल. मी 'तांत्रिक त्रुटी' म्हटलेलं कुणी ऐकून घेत नाही. आमची चूक झाली की एडीएम, त्यांची झाली की त्रुटी. चालायचंच.


गड्ड्यातला पाळणा

एडीएमवर वेगळा धागा काढा हो. डोळ्यांत पाणी दिसतंय.


निळावंती, न्यू जर्सी

आमच्याकडे यावर बरंच रामायण झालंय. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०११ मध्ये नियम केला की पैसे घेतल्यावर भाडं वाढवायचं नाही. त्याचा अर्थ असा लागला की चुकीचं भाडंही पाळा. मग लोक चुका हुडकायलाच बसले. फेब्रुवारी २०१५ मध्ये युनायटेडच्या साइटवर डॅनिश क्रोनरचा हिशेब बिघडला आणि लंडन–न्यूअर्क पहिल्या वर्गाचं तिकीट शंभर डॉलरच्या आत मिळायला लागलं. अट एकच, बिलाचा देश डेन्मार्क निवडायचा. हजारो जण एका रात्रीत डॅनिश झाले. कंपनीने तिकिटं रद्द केली आणि खात्याने कंपनीचीच बाजू घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात खात्याने जाहीर केलं की भाडं खरोखर चुकलं होतं हे कंपनीने दाखवलं, तर तिकीट पाळायची सक्ती करणार नाही. मात्र तिकिटाच्या भरवशावर प्रवाशाने केलेला वाजवी खर्च कंपनीने द्यायचा. न परत मिळणारं हॉटेल, व्हिसा वगैरे.

तुमचं विमान हैदराबादहून, त्यामुळे हे तुम्हाला लागू नाही. पण मागायचं काय, याची दिशा इथे आहे असं मला वाटतं.


माळढोक

अवांतर: सोलापूरहून थेट विमान असतं तर हैदराबाद-मुंबई करायची वेळच आली नसती. विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, २०२५ मध्ये गोवा आणि मुंबई सुरू झालं. आता म्युनिकच तेवढं राहिलंय.


का बे

चिमणीचा विषय काढू नका, धागा ३०० वर जाईल.


सात रस्ता

+१. बोरामणीच्या नियोजित विमानतळाचाही नको. आणि तुमच्या आयडीवाल्या पक्ष्याचाही नको.


टॉवेलवाला

मी पलीकडच्या बाजूने बोलतो. आमचं चादरी-टॉवेलचं दुकान. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन विक्री सुरू केली. नव्या पोराने जेकार्ड चादरीचा भाव १,८५० ऐवजी १८५ टाकला. रात्री टाकला, सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावतोय तोवर फोनवर टुंग टुंग. ६३ ऑर्डरी. मी पोराला म्हटलं, आज लक्ष्मी प्रसन्न. पोरगं घाबरून पांढरं पडलेलं, बोलेना.

त्यात एकाने एकट्याने ४० चादरी मागवलेल्या, पत्ता एका लॉजचा. त्याला फोन केला. तो हसायलाच लागला, "शेठ, मलाही वाटलंच होतं, पण म्हटलं लागलं तर लागलं." त्याची ऑर्डर रद्द, पैसे परत, राग नाही लोभ नाही. दुसरा फोन बार्शीच्या एका बाईंचा. एकच चादर. त्यांना खरोखर वाटलं होतं की सेल आहे, आणि सुनेच्या माहेरी द्यायला म्हणून घेतलेली. त्यांना पाठवली १८५ ला. त्या भावात नुसतं सूतही येत नाही. ज्यांनी एक-दोन घेतल्या त्या सगळ्यांना पाठवल्या, ढीग मागवणाऱ्यांना नाही. त्या महिन्यात नफा शून्य.

सांगायचं काय, की चूक माझी होती तरी ६३ जणांशी मी सारखा वागलो नाही, आणि मला नाही वाटत मी चुकलो. पण मी प्रत्येकाला त्याच दिवशी दुपारपर्यंत फोन केला. तुमच्या कंपनीने १९ दिवस लावले. हे मात्र मला पटलं नाही.


अक्कूताई

टॉवेलवाले, दुकान कुठे? (खरंच विचारतेय, सूनबाईंच्या माहेरी आम्हालाही द्यायचंय.)


टॉवेलवाला

ताई, व्यनि (खासगी निरोप) केलाय. भाव १,८५० आहे, आधीच सांगतो.


कलम बावीस

वकिली करतो, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.

आपल्याकडे 'चुकीच्या भाड्याचं काय करायचं' असा थेट नियम माझ्या तरी पाहण्यात नाही. डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) विमान रद्द झाल्यावर द्यायच्या भरपाईचे नियम आहेत. त्यात दोन आठवडे आधी कळवणं, ५,००० ते १०,००० पर्यंतची रक्कम वगैरे येतं. पण ते विमान रद्द झालं तर. तुमचं विमान व्यवस्थित उडणार आहे, फक्त तुमच्याशिवाय. म्हणून तो रस्ता सोडा. उरतो १८७२ चा करार कायदा आणि २०१९ चा ग्राहक कायदा.

करार कायद्यात दोन कलमं आहेत, तीच इथे भांडतात. कलम २० म्हणतं, दोन्ही पक्षांची एखाद्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल चूक झाली असेल तर करार रद्दबातल. पण त्याखालीच स्पष्टीकरण आहे की वस्तूच्या किमतीबद्दलचा चुकीचा अंदाज ही वस्तुस्थितीची चूक नव्हे. कलम २२ म्हणतं, एकाच पक्षाची चूक झाली म्हणून करार मोडता येत नाही. वाचायला हे प्रवाशाच्या बाजूचं वाटतं. माझा आयडीही त्यावरूनच.

पण खरी मेख तिसरीच आहे. समोरचा चुकतोय हे तुम्हाला माहीत होतं का? लंडनला १९३९ मध्ये सशांच्या कातड्यांचा खटला झाला. भाव नगावर ठरत आलेला, विकणाऱ्याने चुकून तोच आकडा वजनाच्या पौंडावर लिहिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसतात. घेणाऱ्याने डोळा मारून 'मंजूर' म्हटलं. कोर्ट म्हणालं, तुला चूक दिसत होती आणि तू तीवर झडप घातलीस, करार नाही. सिंगापूरचं डिजिलँडमॉल प्रकरण तर तुमच्याच जातीचं. ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर साइटवर ६६ ला लागला. सहा मित्रांनी रात्री दोनच्या सुमारास एकमेकांना उठवून १,६०६ प्रिंटर मागवले. हरले. आणि हरले ते मुख्यतः त्यांच्याच आपापसातल्या चॅटमुळे.

म्हणून एक प्रश्न. बुक करताना तुम्ही कोणाला काय लिहिलं होतंत?


गड्ड्यातला पाळणा

दाणे संपले. चिवडा काढतो.


होटगी रोड

फारसं काही नाही. घरच्या ग्रुपवर कळवलं होतं.


कलम बावीस

काय कळवलं, शब्दशः?


मेहुणा बार्शीकर

भावजी सांगायचे नाहीत, मी सांगतो. "बहुतेक शून्य राहिलंय बे यांचं, दुरुस्त व्हायच्या आत तूपण काढ." रात्री ११:५२. मी दोन काढली होती, माझीपण रद्द झाली. मी व्हिसा केला नव्हता, त्यामुळे माझं काही गेलं नाही.


का बे

जनाब, हा तुमचा मेहुणा आहे का फिर्यादीचा साक्षीदार?


सात रस्ता

मी काय म्हणत होतो! कळलंच असणार म्हणून.


उत्तर कसबा

मेसेज डिलीट करून टाका. 'सगळ्यांसाठी' वालं बटण दाबून.


कलम बावीस

उत्तर कसबा, असले सल्ले जाहीर देऊ नका आणि खासगीतही देऊ नका. वाद उभा राहिलाय हे माहीत असताना पुरावा पुसणं ही शून्य विसरण्यापेक्षा मोठी चूक. शिवाय मेहुण्यांनी तो आत्ता इथे चिकटवलाच आहे.

होटगी रोड, तुम्ही खरं मान्य केलंत (म्हणजे मेहुण्यांनी करवलंत) हे बरं झालं. तिकीट विसरा. सात हजारांत म्युनिकला न्याच, असं मागून उपयोग नाही. मागितलंत तर उरलेली मागणीही लोभी दिसेल. पण ५२,४०० विसरू नका. तो हिशेब वेगळा आहे.


होटगी रोड

बरं. कबूल. लिहिलं होतं मी तसं. आणि का लिहिलं तेही सांगतो. रोज रात्री ६३ हजार बघून जीव मेटाकुटीला आला होता. आईला ठेवून जायचं की बायकोला, याचीच चर्चा घरात चालू होती. त्यात ७,९१२ दिसलं, तेव्हा कोण नियम आठवत बसतो? पहिले चार-पाच दिवस धाकधूक होती, हे लोक रद्द करणार म्हणून. मेलचा आवाज झाला की पोटात गोळा. आठवड्यानंतर वाटलं, पाळलं वाटतं यांनी. मागे कॅथे पॅसिफिकने पाळलंच होतं की. २०१९ च्या नवीन वर्षाच्या दिवशी व्हिएतनाम ते न्यूयॉर्क बिझनेस क्लास ६७५ डॉलरला लागलं होतं, तेव्हा त्यांनी 'आमची चूक झाली, पण या' म्हणून जाहीर केलं होतं.


निळावंती, न्यू जर्सी

हो, आणि क्वांटासने २०२३ मध्ये मधला मार्ग काढला होता. पहिला वर्ग चुकून स्वस्त लागला, तर त्या सगळ्यांना जादा पैसे न घेता बिझनेसमध्ये बसवलं.


अक्कूताई

ग्राहक पंचायतीचं काम काही वर्षं केलंय, म्हणून थोडी चौकशी करते. होटगी रोड, चिडू नका, वकील विचारतात तसंच मीही विचारणार.

१९ दिवसांत कंपनीशी तुमचा काहीच संपर्क झाला नाही? व्हिसाचे पैसे भरायच्या आधी? फोन, मेल, काहीही? आठवून सांगा.


होटगी रोड

तिकिटाबद्दल नाही विचारलं. उगाच झोपलेल्याला कशाला उठवा! हां, आईसाठी व्हीलचेअर मागितली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, विमानतळावर एवढं चालणं जमत नाही. आठव्या दिवशी साइटवरून विनंती टाकली. त्यांचं उत्तर आलं होतं, थांबा बघतो.

सापडलं. "आपल्या आरक्षणावर व्हीलचेअर सहाय्याची नोंद केली आहे. आपला प्रवास सुखाचा होवो." खाली पीएनआर, तारीख, चौघांची नावं. व्हिसाची फी अकराव्या दिवशी भरली.


अक्कूताई

अहो, हे आधी नाही का सांगायचं!


कलम बावीस

हाच तुमचा सगळ्यात मोठा कागद. तिकिटापेक्षाही मोठा. आठव्या दिवशी कंपनीच्या माणसाने तुमचं आरक्षण उघडून बघितलं, त्यावर सेवा नोंदवली आणि प्रवासाला शुभेच्छा दिल्या. त्यानंतर तुम्ही व्हिसावर खर्च केलात. आता तो भरवसा नुसता तुमच्या मनातला राहिला नाही, कंपनीने लेखी दिलेला झाला.

दुसरं हवंय ते असं: कंपनीला चूक कधी कळली?


मेहुणा बार्शीकर

दुसऱ्या दिवशी सकाळी. मी बायकोच्या भावासाठी तिसरं काढायला गेलो तर ९:१० ला ६४,३०० दिसत होतं. चिडून स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलेला, "गेलं बे" म्हणून. अजून आहे.


टॉवेलवाला

मेहुणे, तुम्ही बुडवलंतही आणि तारलंतही.


कलम बावीस

म्हणजे भाडं सकाळी नऊच्या आत दुरुस्त झालं. तिकिटं कोणाकोणाला गेली ती यादी संगणकात तयार. तरी १९ दिवस पैसे ठेवून घेतले आणि कळवलं नाही. तुमची तक्रार 'तिकीट रद्द केलं' अशी लिहूच नका. 'चूक कळूनही वेळेत कळवलं नाही, उलट आरक्षण पक्कं असल्यासारखं वागवलं, आणि त्या काळात माझा खर्च झाला' अशी लिहा. ही सेवेतली त्रुटी. शब्द त्यांचाच, जागा वेगळी.

दोन खड्डे सांगून ठेवतो. कंपनीच्या अटींत 'चुकीचं भाडं रद्द करण्याचा हक्क' असं कलम सापडेल, पुष्कळ कंपन्यांचं असतं. आणि २०२० मध्ये इंडिगोच्या कोलकाता–आगरताळा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तिकिटाच्या अटी प्रवाशाला बांधतात असं धरलंय, ते ते दाखवतील. त्यावर 'हा करारच अन्याय्य' असा मुद्दा काढायचा मोह होईल. काढू नका. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं, जिल्ह्याकडे नाही. ५२ हजारांसाठी तिथल्या चकरा कशाला?


निळावंती, न्यू जर्सी

'त्रुटी' वरून आठवलं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला आजी वारल्यावर मिळणाऱ्या सवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनीने बचाव काय केला, तर चॅटबॉट हा स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या लवादाने सांगितलं की साइटवर जे काही आहे त्याला कंपनीच जबाबदार, आणि पैसे द्यायला लावले.


का बे

उद्या आमचं पोरगंपण म्हणणार, मार्क मी नाही पाडले, पेन स्वतंत्र आहे.


अक्कूताई

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

होटगी रोड, आता रस्ता ऐका. पायऱ्या सोडू नका, नंतर 'आधी आमच्याकडे का नाही आलात' असं म्हणतात. प्रत्येक विमान कंपनीला तक्रारींसाठी नोडल अधिकारी आणि त्यावर अपील ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो, नावं साइटवर तळाशी बारीक अक्षरात असतात. हेल्पलाइनवरच्या मुलीशी भांडून उपयोग नाही, तिच्या हातात काही नाही. नोडलला मेल करा, पंधरा दिवस द्या, मग अपील. त्याच वेळी नागरी विमान मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका आणि १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंदवा. तिथून निकाल लागत नाही, पण कंपनीला उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर पुढे कामाला येतं.

नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे सोलापुरातच, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. 'वाद फक्त दिल्लीच्या कोर्टात' असं तिकिटावर छापलेलं असलं तरी घाबरू नका. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. कागद मात्र तारखेच्या क्रमाने लावा, आणि तो ११:५२ चा मेसेज लपवू नका. विचारलं तर हो म्हणा.


उत्तर कसबा

त्यापेक्षा त्या दिवशी बॅगा घेऊन थेट हैदराबादला जाऊन उभे रहा. बोर्डिंग नाकारलं की ४०० टक्के भरपाई, मी वाचलंय.


नवी पेठ तिकीटघर

आत कोण सोडणार? गेटवरचा जवान तिकीट बघतो, आणि तुमचं तिकीट आता रद्द म्हणून दिसतं. चारशे टक्क्यांचा नियम जागेपेक्षा जास्त तिकिटं विकल्यावर पक्कं तिकीट असलेल्याला खाली ठेवलं तर. त्यालाही वर २०,००० ची मर्यादा. आजींना व्हीलचेअरवर बाहेरच बसवून ठेवाल.


सात रस्ता

माझं मत अजून तेच आहे, पण व्हीलचेअरच्या मेलनंतर थोडं कमी झालंय. तिकीट मागणं मला पटलं नसतं. व्हिसाचे पैसे मागा, हरकत नाही.


कलम बावीस

सात रस्ता यांची हरकत नाही म्हणजे अर्धा खटला जिंकलात.


होटगी रोड

सगळ्यांचे आभार. नोडलला आज मेल टाकला. काय होतं ते इथेच सांगेन.


गड्ड्यातला पाळणा

धागाकर्ते, काही कळलं का? दोन महिने झाले.


का बे

म्युनिकला पोचले वाटतं.


होटगी रोड

माफ करा, उशीर झाला. सविस्तर लिहितो.

नोडलचं उत्तर नवव्या दिवशी आलं, हेल्पलाइनचंच वाक्य जरा सुटाबुटात. अपीलवाल्याने पुढच्या प्रवासावर १० टक्के सवलतीचं कुपन देऊ केलं, सहा महिन्यांत वापरायचं. एअरसेवावरून तक्रार 'निकाली' म्हणून बंद झाली, कारण रिफंड झालाय. पण त्या उत्तरात कंपनीने स्वतः लिहिलं की त्रुटी 'बुकिंगच्या दुसऱ्या दिवशी निदर्शनास आली.' अक्कूताई, तुम्ही म्हणाला होता तसंच, ते उत्तर कामाला आलं. मेहुण्याचा स्क्रीनशॉट लागलाच नाही. त्याला वाईट वाटलंय.

मग जिल्हा आयोगात ऑनलाइन तक्रार दाखल केली. वकील नाही. अडीच पानं मी लिहिली, धाकट्याने टाइप केली. नोटीस गेली आणि पहिल्या तारखेच्या आधी पुण्याहून त्यांच्या वकिलांचा फोन. माणूस गोड बोलणारा. त्यांनी मुद्दा काढला की व्हिसा तर मिळालाय, मग वाया काय गेलं, दुसऱ्या कंपनीने जा. मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण ते अगदीच चूक नव्हतं. मी म्हटलं, चौघांचं जाणं सात हजारांत होतं म्हणून चौघांचा व्हिसा केला, ६४ हजारांत दोघंच जाऊ शकतात. मग घासाघीस. ३५ हजारांवर तुटलं. घेतले. ११:५२ बद्दल त्यांनी विचारलंच नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. सात रस्ता, तुम्ही काय म्हणणार ते माहीत आहे.

तडजोडीत नाव जाहीर न करण्याची अट आहे, त्यामुळे नावासाठी व्यनि करू नका. आई आणि बायको दोघी जातायत, पूर्ण भाडं भरून. धाकटा रुसलाय. व्हीलचेअर मागितली, लगेच मिळाली.


सात रस्ता

काही म्हणत नाही. आजींना शुभेच्छा.


टॉवेलवाला

नोव्हेंबरात म्युनिक म्हणजे थंडी मरणाची. एक जेकार्ड चादर आजींसाठी माझ्याकडून. दुकानावर येऊन घेऊन जा.


अक्कूताई

तीन किलो चटणीचं काय झालं?


होटगी रोड

संपली केव्हाच. रोज भाकरीबरोबर आम्हीच खाल्ली, एक डबा मेहुण्याने नेला. आईने काल परत शेंगा भाजायला घेतल्यात, दोनच किलो. म्हणते बॅगेत चादरपण जायचीय.